कारखाना नसलेली गाडी : हॉट रॉड विकत घेण्यापूर्वी

अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत '१९३२ फोर्ड रोडस्टर, स्टील बॉडी, ३५० इंजिन, ऑटोमॅटिक' अशा धर्तीची ओळ नेहमी आढळते, आणि ती वाचून नवख्या ग्राहकाची अशी समजूत होते की फोर्ड कंपनीने १९३२ साली बनवलेली एक गाडी कोणीतरी दुरुस्त करून, रंगवून विक्रीस काढली आहे. प्रत्यक्षात त्या ओळीतील प्रत्येक शब्द वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या कारखान्याचा असू शकतो. चासी गेल्या दहा-वीस वर्षांत एखाद्या वर्कशॉपमध्ये जोडलेली, बॉडी नव्या पत्र्यातून घडवलेली, इंजिन शेव्हरोलेचे, मागचा अ‍ॅक्सल फोर्डचाच पण १९५७ नंतरच्या घडणीचा आणि स्टीअरिंग तिसऱ्याच एखाद्या गाडीचे, असा तो मेळ असतो. त्यात फसवणूक असतेच असे नाही, कारण हॉट रॉड या प्रकाराचे स्वरूपच तसे आहे. जाहिरातीतले साल हे बहुधा गाडीच्या जन्माचे नसून तिच्या आकाराचे नाव असते. मात्र या स्वरूपातून ग्राहकाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट निष्पन्न होते, ती अशी की या गाडीमागे कोणताही कारखाना उभा नसतो, तिचे सर्व्हिस मॅन्युअल नसते, सुट्या भागांची यादी नसते आणि तिची चाचणी कोणत्याही कंपनीने घेतलेली नसते. कंपनीने करायची ती तपासणी येथे खरेदीदाराला स्वतः करावी लागते किंवा जाणकाराकडून करवून घ्यावी लागते.

हा प्रकार दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक आणि एल मिराज यांसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर वाढला, जेथे १९३०च्या दशकात तरुण मंडळी जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, दिवे आणि काचा उतरवून त्या वेगासाठी पळवत असत. तेथील शर्यतींची शिस्त राखणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ साली स्थापन झाली, 'हॉट रॉड' हे मासिक जानेवारी १९४८ मध्ये निघाले आणि १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी राहिली. १९३२च्या फोर्डला या जगात जे मानाचे स्थान मिळाले त्याचे कारण त्या वर्षी आलेल्या 'मॉडेल १८' मध्ये आहे. त्यात २२१ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे आणि ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत प्रथमच मिळाले. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर न बसवता ब्लॉकमध्येच बाजूला बसवल्यामुळे या इंजिनाचे हेड सपाट झाकणासारखे असते, म्हणून त्याला 'फ्लॅटहेड' म्हणतात. १९५५ साली शेव्हरोलेने २६५ घनइंचांचे लहान, हलके आणि माथ्यावर व्हॉल्व्ह असलेले इंजिन बाजारात आणले आणि हॉट रॉडवाल्यांनी फोर्डच्या बॉडीखाली शेव्हरोलेचे इंजिन बसवण्याची जी प्रथा पाडली, ती फोर्डनिष्ठांची कुरकुर सोसून आजतागायत टिकून आहे.

आजच्या बाजारात यामुळे ढोबळमानाने दोन घराणी दिसतात. पारंपरिक घराण्यातील गाडीत फ्लॅटहेड किंवा १९५०च्या दशकातील इंजिन, सरळ अ‍ॅक्सल, ड्रम ब्रेक आणि अरुंद टायर असतात, तर 'स्ट्रीट रॉड' म्हणवल्या जाणाऱ्या घराण्यात जुन्या आकाराच्या बॉडीखाली डिस्क ब्रेक, स्वतंत्र सस्पेन्शन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि बहुधा वातानुकूलनही असते. खरेदीदाराने यांपैकी आपल्याला काय हवे आहे हे गाडी पाहायला जाण्यापूर्वीच ठरवावे, कारण एका घराण्यात जो दोष मानला जातो तो दुसऱ्या घराण्यात गुण ठरतो, आणि रंग पाहून भुललेल्या माणसाला हा फरक गाडी घरी आल्यावरच कळतो.

तपासणीची सुरुवात गाडीपासून न करता कागदांपासून करावी. अमेरिकेत मालकी सिद्ध करणाऱ्या दस्ताला 'टायटल' म्हणतात आणि तो प्रत्येक राज्याचे मोटार खाते आपापल्या नियमांनुसार देते. सतरा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक १९८१ पासूनच्या गाड्यांना सर्वत्र सारखा लागू झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९३२च्या आठ सिलिंडरी फोर्डचा क्रमांक १८ या आकड्याने सुरू होतो आणि तो चासीच्या डाव्या पट्टीवर एकाहून अधिक ठिकाणी ठोकलेला असून त्यांपैकी काही ठिकाणे बॉडीखाली झाकली जातात. गुंतागुंत अशी की पूर्वी अनेक राज्ये गाडीची नोंद इंजिनाच्या क्रमांकावर करीत असत, आणि हॉट रॉडचे मूळ इंजिन तर कित्येक दशकांपूर्वीच भंगारात गेलेले असते. परिणामी टायटलवरचा क्रमांक गाडीवर कोठेच सापडत नाही. दुसऱ्या टोकाला अशीही गाडी असते की जिची चासी आणि बॉडी दोन्ही नवीन असून दाराच्या खांबावर एक जुना क्रमांक पत्र्याच्या पट्टीवर रिव्हेटने बसवलेला असतो आणि कागद '१९३२ फोर्ड' असेच सांगतो. असा कागद एका राज्यात वर्षानुवर्षे चालून जातो, पण गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवायला नेली की पडताळणीत अडकते, आणि क्रमांक संशयास्पद ठरल्यास गाडी जप्त होण्याचाही धोका असतो. म्हणून टायटलवरील क्रमांक, गाडीवरील क्रमांक आणि विकणाऱ्याचे नाव या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय इसाराची रक्कमही देऊ नये. विकणारा जर टायटलवरचा मालक नसेल, म्हणजे त्याने आधीच्या मालकाने सही केलेला कागद आपल्या नावावर न करता तसाच खिशात ठेवला असेल, तर व्यवहार तेथेच थांबवणे बरे. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हेही त्याच कागदावर पाहावे.

नव्या भागांतून बांधलेल्या गाडीसाठी बहुतेक राज्यांत वेगळा वर्ग असतो आणि त्याची नावे 'विशेष बांधणीचे', 'जुळवलेले' किंवा 'स्ट्रीट रॉड' अशी राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात अशा विशेष बांधणीच्या वाहनांपैकी दरवर्षी पहिल्या ५०० अर्जदारांनाच असे प्रमाणपत्र मिळते की ज्यामुळे धूरतपासणीसाठी गाडीचे साल तिची बॉडी किंवा इंजिन ज्या सालासारखे दिसते त्यावरून ठरते. १९७५ आणि त्यापूर्वीच्या सालांना तेथे ही तपासणी माफ असल्याने या प्रमाणपत्राचे मोल मोठे आहे. जाहिरातीत ते असल्याचा दावा असेल तर मूळ कागद पाहायला मागावा.

डेट्रॉइट किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आणि पुढेमागे अशी गाडी पुण्या-मुंबईत नेण्याचे मनात असलेल्या मराठी खरेदीदाराने येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार 'व्हिंटेज' वाहन म्हणजे प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन. हॉट रॉडमध्ये नेमके हे तिन्ही बदललेले असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सुद्धा कंपनीने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करू देत नाही. तेव्हा अमेरिकेत हौसेने घेतलेली ही गाडी तेथेच वापरायची आणि तेथेच विकायची, असा हिशेब धरणे शहाणपणाचे.

कागद जुळले की गाडी लिफ्टवर चढवावी आणि खालून पाहावी. विकणारा लिफ्टला नकार देत असेल तर तोही एक प्रकारे माहितीच देत असतो. फोर्डची मूळ चासी इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या उघड्या पट्ट्यांची होती, आणि ६५ अश्वशक्तीसाठी केलेल्या त्या पट्ट्यांवर ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले की त्या पिळवटतात, म्हणून पट्टीच्या उघड्या बाजूवर सपाट पत्रा वेल्ड करून तिची बंद पेटी करतात. हे काम झाले आहे का आणि कसे झाले आहे, हे पाहणे हाच बांधणाऱ्याच्या लायकीचा पहिला पुरावा. चांगले वेल्डिंग सारख्या रुंदीचे आणि दोन्ही धातूंत मुरलेले असते. वाईट वेल्डिंग पत्र्यावर थेंब ठेवल्यासारखे वर बसलेले दिसते किंवा ग्राइंडरने घासून पुट्टीखाली लपवलेले असते. चासीवर पुट्टी आणि चकचकीत रंग असेल तर सांध्यांकडे विशेष बारकाईने पाहावे, कारण प्रदर्शनासाठी सुबक केलेली चासी आणि दोष झाकलेली चासी वरकरणी सारख्याच दिसतात. बांधणीच्या वेळची, रंग चढण्यापूर्वीची छायाचित्रे असतील तर या शंकेचे निरसन पाच मिनिटांत होते.

पुढच्या अ‍ॅक्सलकडे सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण हॉट रॉड रस्त्यावर धड चालते की नाही याचा निकाल येथे लागतो. पारंपरिक गाडीत पुढचा अ‍ॅक्सल एकसंध दांडा असून त्यावर आडवा पाटा, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेली कमानी स्प्रिंग असते. गाडी खाली बसावी म्हणून दांड्याची टोके वर उचललेली असतात. अ‍ॅक्सलला पुढेमागे धरून ठेवणारे दांडे फोर्डने इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मध्ये एकत्र आणले होते. हॉट रॉडमध्ये ते मधून कापून दोन्ही बाजूंना चासीला जोडतात, आणि त्या जोडणीचे कंस, बोल्ट व सांधे ढिले झाले की त्याचा परिणाम थेट स्टीअरिंगवर होतो. चाक ज्या कल्पित उभ्या आसाभोवती वळते तो आस किंचित मागे कललेला असावा लागतो. या कलाला 'कास्टर' म्हणतात आणि सरळ अ‍ॅक्सलच्या गाडीत तो साधारण ५ ते ७ अंश ठेवतात. तो कमी असेल तर गाडी सरळ रेषेत राहत नाही आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थडथडू लागतात. स्टीअरिंगचा दांडा गाडीच्या एका बाजूकडून दुसरीकडे आडवा जात असेल, तर आडव्या पाट्यावर बसलेली गाडी डावीउजवीकडे सरकू नये म्हणून अ‍ॅक्सल व चासी यांना जोडणारा 'पॅनहार्ड' दांडा आवश्यक ठरतो. दिसायला आडवा येतो म्हणून तो गाळणारे काही कारागीर आढळतात. स्ट्रीट रॉडमध्ये बहुधा १९७०च्या दशकातील मस्टँग २ या गाडीच्या आराखड्यावर बेतलेले स्वतंत्र सस्पेन्शन असते. ते चालवायला सोपे असले तरी त्याचे कंस चासीला नीट, चौकटीत वेल्ड झालेले आहेत का हे पाहावेच लागते.

ब्रेकच्या बाबतीत जुनेपणाचा मान राखण्याचे कारण नाही. १९३२ची फोर्ड दांडे-ओढीच्या यांत्रिक ब्रेकची होती आणि कंपनीने तेल-दाबाचे ब्रेक १९३९च्या गाड्यांपासून दिले, त्यामुळे आज विक्रीला असलेल्या जवळपास प्रत्येक हॉट रॉडमध्ये ब्रेक नंतर बदललेले असतात. मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा आहे का हे आधी पाहावे, कारण एका कप्प्याच्या सिलिंडरमध्ये एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. या गाड्यांत मास्टर सिलिंडर पुष्कळदा पायाखाली, चासीलगत बसवलेला असतो आणि तो चाकांवरच्या ब्रेकपेक्षा खाली राहिल्याने तेल हळूहळू मागे उतरते, मग पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते. यावर उपाय म्हणून नळीत थोडा दाब अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह बसवतात, जो डिस्कसाठी दर चौरस इंचाला २ पौंडांचा आणि ड्रमसाठी १० पौंडांचा असतो. हे दोन व्हॉल्व्ह अदलाबदल झालेली गाडी डिस्कचे पॅड सतत घासत चालते, आणि मालक मात्र इंजिन कमजोर झाले असे समजून कार्ब्युरेटर उघडत बसतो.

इंजिनाबाबत प्रथम हे ठरवावे की जे सांगितले आहे तेच बसवले आहे काय. शेव्हरोलेचे ३५० आणि ३०५ घनइंचांचे इंजिन बाहेरून एकसारखे दिसते, किमतीत मात्र फरक असतो. म्हणून उजव्या हेडच्या पुढील सपाट जागेवर ठोकलेला आणि ब्लॉकच्या मागील टोकाला ओतीव असलेला, असे दोन्ही क्रमांक लिहून घेऊन पडताळावेत. फ्लॅटहेडचे दुखणे वेगळे आहे. त्यात जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो, त्यामुळे भोवतीचे पाणी फार तापते आणि व्हॉल्व्ह व सिलिंडर यांच्यामधल्या भागात तडे जातात. ब्लॉकची दाबचाचणी व तडेचाचणी झाल्याचा कागद नसेल तर किमतीत तेवढी जोखीम वजा धरावी. दोन्ही इंजिनांच्या बाबतीत रेडिएटर हा कळीचा भाग आहे, कारण १९३२ची सुंदर, उंच आणि अरुंद जाळी हवेला फारशी वाट देत नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे (आधीच गरम करून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे) आणि गाडी जागेवर उभी ठेवून वीस मिनिटे तापमानाचा काटा पाहावा.

बॉडीचे तीन प्रकार असतात: फोर्डच्या मूळ पत्र्याची, नव्या पत्र्यातून घडवलेली आणि फायबरग्लासची. किंमत याच क्रमाने उतरते. चुंबक कापडात गुंडाळून बॉडीवर फिरवला तर फायबरग्लास लगेच ओळखू येतो आणि पत्र्यावर पुट्टीचा जाड थर कोठे आहे हेही समजते. मूळ पत्रा आणि नवा पत्रा यांतला भेद मात्र चुंबक सांगत नाही, त्यासाठी आतील जोड, लाकडी आधार आणि जुन्या दुरुस्तीच्या खुणा वाचता येणारा माणूस लागतो. 'चॉप' केलेली, म्हणजे खांब कापून छत खाली आणलेली कूपे असेल तर खांबांचे जोड सरळ आहेत का आणि काचा त्या मापाच्या नव्याने कापलेल्या आहेत का ते पाहावे. 'चॅनल' केलेल्या गाडीत फरशी वर उचलून बॉडी चासीवर खाली बसवलेली असते, त्यामुळे बाहेरून गाडी देखणी दिसली तरी आत बसणाऱ्याचे गुडघे स्टीअरिंगला लागतात. दार लावून, पाय पेडलवर ठेवून निदान अर्धा तास बसल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून त्या बॉडीत प्रत्येक दिव्याला वेगळी आर्थिंगची तार लागते. मिणमिणणारे दिवे आणि उगाच हलणारे काटे यांचे मूळ बहुधा याच तारांत सापडते. फोर्डची मूळ व्यवस्था सहा व्होल्टची आणि धन टोक चासीला जोडलेली होती, तर आज जवळपास सर्वत्र बारा व्होल्ट आणि ऋण टोक असते. वायरिंगचा नकाशा मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा, कारण तो दुसऱ्या कोणाकडे मिळणार नाही.

किमतीविषयी बोलताना मैलांचा आकडा विसरावा, कारण तो फार तर बांधणीनंतरचा प्रवास सांगतो. विकणारा आपल्या खर्चाच्या पावत्या पुढे करील आणि त्या खऱ्याही असतील, परंतु हॉट रॉड बांधण्याचा खर्च विक्रीत क्वचितच पूर्ण वसूल होतो आणि त्यामुळेच नवीन बांधून घेण्यापेक्षा बांधलेली घेणे सहसा स्वस्त पडते. किंमत चढते ती मूळ पत्र्याने, नामांकित कारागिराच्या हाताने आणि सिद्ध करता येणाऱ्या इतिहासाने. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात १९९७ साली हॉट रॉडसाठी प्रथमच वेगळा वर्ग ठेवला गेला आणि डोन स्पेन्सर यांनी बांधलेल्या १९३२च्या रोडस्टरने तो जिंकला, तेव्हापासून जुन्या शर्यतीच्या खुणा आणि छायाचित्रे यांना दागिन्यांसारखा भाव आला. उलट १९७३च्या 'अमेरिकन ग्राफिटी' चित्रपटातील पिवळ्या कूपेच्या नकला पुष्कळ झाल्या आहेत, आणि नकलेला नकलेचाच भाव द्यावा. विमा घेताना 'ठरलेल्या मूल्याचा' करार करावा, म्हणजे नुकसान झाल्यास कंपनीने आधीच मान्य केलेली रक्कम मिळते. साध्या पॉलिसीत घसारा वजा करून बाजारमूल्य देतात, आणि जिचा दुसरा नमुनाच नाही अशा गाडीचे बाजारमूल्य ठरवताना वाद अटळ असतो.

रक्कम देताना टायटलची सही, विक्रीपत्र आणि किल्ली एकाच बैठकीत हाती यावी, आणि दूरच्या राज्यातून खरेदी असेल तर पैसे त्रयस्थ संस्थेकडे ठेवून कागद पोचल्यावर ते मोकळे करण्याची व्यवस्था करावी. गाडी आणण्यासाठी बंद ट्रेलर ठरवताना चासीच्या सर्वांत खालच्या भागाची जमिनीपासूनची उंची आधी कळवावी, नाहीतर रॅम्पवर चढताना एक्झॉस्टचा पाइप चेपतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि साल सांगतात. नक्षी शाबूत असूनही दहा वर्षांचे टायर निघाले तर ते पहिल्याच दिवशी बदलावेत. पहिल्या ५०० मैलांत चाकांचे नट, स्टीअरिंगचे सांधे आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे बोल्ट दोनदा आवळून पाहावेत, बसवलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक, पट्ट्यांची मापे, फिल्टर आणि ब्रेकपॅड कोणत्या गाडीचे चालतात, हे सारे एका वहीत उतरवून ठेवावे, आणि विकणाऱ्याचा फोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, कारण पंख्याचा पट्टा तुटेल त्या दिवशी तो कोणत्या मापाचा हे सांगू शकणारा माणूस बहुधा तोच एक असेल.